निर्मळ पाण्याची बाटली

ढगांच्या प्रयोगशाळेतील यंत्रपालास आपल्या साडूचा संशय आला, तो एका थेंबावरून.

वादळी ढगांतून विमानाने आणलेले पाणी तेथे येत असे. त्याचे बारीक थेंब तबकडीवर मांडावयाचे, तबकडी हळूहळू गारठवावयाची आणि कोणता थेंब केव्हा गोठतो ते पाहावयाचे, हे तेथील नित्यकर्म. पाणी शून्यावर गोठते, ही शाळेतील समजूत तेथे पहिल्याच दिवशी गळून पडे. निर्मळ थेंब शून्याखाली वीस अंश गेला तरी पाणीच राहतो. एखादा योग्य कण लाभला, की त्याच्या आधाराने बर्फ लवकर जन्मास येतो. म्हणून ढगाच्या थेंबांशेजारी निर्मळ पाण्याचे थेंब साक्षीदार म्हणून ठेवीत. हल्ली हे साक्षीदारच फितूर झाले होते. उणे सातलाच पांढरे पडत.

"साक्षीदार खोटे निघाले तर सगळं वाया," मुख्य बाई म्हणाल्या. "ढगात बर्फ किती, यावर तो किती टिकतो, किती ऊन परत पाठवतो, हे ठरतं. पुढच्या हवामानाचं गणित त्यावर मांडायचंय. घाण कुणाच्या हातून जाते ते शोधा. नवा माणूस असेल, तर त्याला मी कायम करणार नाही."

नवा माणूस म्हणजे साडू. त्याच्यासाठी शब्द यंत्रपालानेच टाकला होता.

साडू भांडी धुताना शीळ घाली. ज्याचे ओठ शीळ घालण्यात, त्याचे चित्त भांड्यात कोठून असणार? कोठेतरी पाणी मुरत होते खास. यंत्रपालाने घरी तसे बोलून दाखविले.

"अहो, तुम्हाला दुधातही मांजर दिसतं," पत्नी म्हणाली. "माझ्या बहिणीचं घर त्या नोकरीवर उभं आहे, एवढं ध्यानात ठेवा."

तथापि संशयास झोप नसते. रोज सकाळी गुलाबाच्या कुंड्यांतील कुजकी पाने वेचून, हात धुऊन यंत्रपाल साडूच्या आधी कामावर पोहोचे. निर्मळ पाण्याची बाटली उघडून उजेडात धरी, आणि तिच्या गळ्यात आतून बोट फिरवून साडूने ठेवलेला तेलकटपणा चाचपी. हातमोजा चढविला तर तेलकटपणा कळत नाही, म्हणून बोट उघडेच. काही सापडत नसे. मग दुपारी थेंब उणे सातला गोठत, आणि त्याचा संशय अधिकच घट्ट होई.

"साडूभाऊ, माझ्याकडे असे काय बघता?" साडूने एकदा विचारले. "मी काय ढग चोरलाय?"

यंत्रपाल हसला नाही.

शेवटी बाईंनी त्याच बाटलीतील थोडे पाणी उकळून त्याचे थेंब मांडले. ते उणे वीसपर्यंत पाणीच राहिले.

"धूळ उकळून मरत नाही," बाई म्हणाल्या. "हे जिवंत काहीतरी आहे. झाडांच्या पानांवर असे जंतू असतात, ते थेंबाला लवकर गोठवतात. वादळाबरोबर ढगातही चढतात." त्या साडूकडे वळल्या. "तुमच्या घरी बाग आहे?"

साडू उत्तर देईना. त्याची दृष्टी यंत्रपालाच्या बोटांवर स्थिरावली होती. यंत्रपालानेही खाली पाहिले. साबणाने धुतलेल्या हातांच्या नखांत काळी माती बसलेली होती.

हा गप्प का? मला वाचवतो आहे, की पुढे आयुष्यभर ऐकवण्यासाठी राखून ठेवतो आहे? काही असो, तो गप्प राहिला तर त्याची नोकरी जाणार, हे उघड होते.

"बाग माझी आहे, बाई," यंत्रपाल म्हणाला. "बाटलीत बोटही माझंच. याच्यावर नजर ठेवायला घालत होतो."

बाईंनी बाटली ओतून टाकली. "यांना कायम करायचा कागद तुम्हीच घेऊन या," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्रपालाच्या मेजावर नखे घासण्याचा एक नवा ब्रश होता. आत साडू शीळ घालीत भांडी धूत होता. ही माया की टोमणा, याचा यंत्रपाल पुष्कळ वेळ विचार करीत उभा राहिला. निर्णय होईना. मग तो ब्रश घेऊन नळाकडे गेला.