हरणीने खाल्लेला इतिहास

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी सासूबाईंशी बोलायचं काय, हे त्या चष्मेवाल्याला अजून उमगलं नव्हतं. चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा. घरी सासूबाई आल्या की दातखिळी बसायची. त्या उद्या परत जाणार होत्या, म्हणून बायकोने सुट्टीच्या सकाळी दोघांनाच टेकडीवर पिटाळलं. चष्मेवाल्याने पायथ्याशी माहितीपुस्तिका घेतली. बोलायची सोय झाली!

वाट दाट झाडीतून चढत होती. दर वळणावर थांबून तो वाचून दाखवायचा. "आई, वरची तटबंदी चारशे वर्षांपूर्वीची. इथे बेचाळीस जातींचे पक्षी दिसतात."

"दिसले असते," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प राहिला असतात तर."

चष्मेवाला हिरमुसला. पुस्तिका बाकावर ठेवून तो बुटाची नाडी बांधू लागला. तेवढ्यात झुडपातून एक हरणी आली, घरचीच वस्तू असल्यासारखी तिने पुस्तिका उचलली आणि चघळत निघाली.

"अहो, नकाशा आहे त्यात!" असं हरणीला सांगत तो मागे धावला आणि ओल्या पाल्यावरून घसरून सपशेल आपटला. चिखल झटकत परतला, तेव्हा सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"कितव्या पानापर्यंत पोचली?"

"सगळंच खाल्लं."

"चला, एकीला तरी गोडी लागली!"

पुढे वाटेला दोन फाटे फुटले. चष्मेवाला गोंधळला. सासूबाईंनी नवऱ्याबरोबर तीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या. त्या वाकल्या, दोन्हीकडच्या पायऱ्यांवरून हात फिरवला.

"डावीकडे. या मधोमध झिजल्यात. त्या कोऱ्या करकरीत. तिकडे कोण जात नाही."

खरंच, थोड्याच वेळात माथा आला. खाली नदीचं वळण, लाल कौलं, आगपेटीएवढ्या बस. सासूबाई मात्र पडक्या तटाला हात लावून उभ्या होत्या.

"इथपर्यंत एक गवंडी. इथून दुसरा. हा घाईतला. सांधे बघा केवढे रुंद!"

भिंतीच्या एका खोबणीत घुबड झोपलं होतं. दोघं आपसूक कुजबुजू लागले.

"आई, तुम्हाला भेटला होता का असा घाईतला?"

"भेटला ना. त्याच्याशीच तर लग्न केलं."

चष्मेवाल्याला हसू आवरेना. घुबडाने एक डोळा उघडून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मग सासूबाईंनी सासऱ्यांच्या वाकड्या फरश्यांचे किस्से सांगितले, ते उतरेपर्यंत पुरले.

घरी चिखलाने माखलेली विजार बघून बायकोने कपाळाला हात लावला. "हे काय?"

"ते राहू दे. आई उद्या जात नाहीत. येत्या रविवारी आम्ही पलीकडच्या बाजूने चढणार आहोत."

"मला विचारलंय का कोणी?" आतल्या खोलीतून सासूबाई गरजल्या.

बायकोने डोकावून पाहिलं. सासूबाई भरलेल्या बॅगेतून साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवत होत्या.