चिंचणीने टाकलेला सायलेन्सर

मी एक जुना सायलेन्सर आहे. वयाने जुना नाही, टाकून दिला म्हणून जुना. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पोटाचा डबा बोईसरच्या एका गॅरेजात खिळ्याला टांगलेला होता. वाकडी नळी अपघातात मोडलेल्या कुठल्याशा गाडीची. तोंडाची कडी एका लेथवाल्याने उरल्यासुरल्या स्टीलमधून कातून दिली. आत छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. गाडीबरोबर येणारा सायलेन्सर आवाज गिळतो. आम्ही, बाहेरून आणून लावलेले, आवाज घडवतो. लोकर दाबून भरली की तो जाड होतो, सैल भरली की फाटतो. नळी आखूड असेल तर केकाटतो, लांब असेल तर खर्जात जातो.

मला घडवून घेतलं नीलेशने. घर चिंचणीला, नोकरी तारापूरच्या कारखान्यात, खाली एक जुनी साडेतीनशे सीसीची गाडी. बाकीच्या पोरांना नुसता मोठा आवाज हवा असतो. याला गोड हवा होता. दर सुट्टीला यायचा, डोळे मिटून ऐकायचा, मान हलवायचा. हे काढ, ते लाव. मेकॅनिक कंटाळला. मग एकदा तोंडाची कडी बदलली, लोकर दाबली आणि मी बोललो.

धब्. धब्. धब्. एक ठोका गिळून, पुन्हा धब्.

"भाई, ये तो नाव का इंजन लग रहा है," मेकॅनिक म्हणाला.

"यही चाहिए," नीलेश म्हणाला. लहानपणी पहाटे अंथरुणात हाच आवाज ऐकत तो पुन्हा झोपायचा. होडी कोणाची, हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

बोईसर ते चिंचणी. माझ्या कौतुकाचं आयुष्य एवढ्या रस्त्याचं.

आता थांबा. पुढचं कळायला हवं तर किनाऱ्याचं थोडं ऐकून घ्या.

तिथे होडी डोळ्यांआधी कानांना दिसते. मासळी सुकवणाऱ्या बायका इंजिनाच्या आवाजावरून होडी कोणाची ते सांगतात, आणि त्याच घरची बाई मासळी आणायला टोपली उचलते. नीलेशची आई काशीबाई यात कधी चुकत नसे. तिच्या समोरच दर्पणचं घर. नीलेश लहान होता तेव्हा दर्पणची होडी भर समुद्रात नीलेशच्या बापाच्या, रामाच्या जाळ्यावरून गेली. जाळं फाटलं, ते बांधायला समुद्रात रोवलेले खुंट गेले. दर्पण म्हणाला, धुक्यात दिसलं नाही. काशीबाई म्हणाली, मुद्दाम केलं. रामाला पुन्हा स्वतःचं जाळं लावणं जमलं नाही. तो परक्या होडीवर खलाशी झाला, आणि मुलगा कारखान्यात गेला. दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. दर्पणची ती होडी कुजली आणि गेल्या वर्षी मोडीत निघाली.

नीलेशने मला त्या गल्लीत आणलं.

काशीबाई अंगणात बांबूच्या वलांडीवरून सुके बोंबील काढत होती. तिने मान वर केली नाही. आधी थुंकली, मग मान वर केली. तिच्या दारात दर्पणची होडी येत होती, आणि होडीवर तिचा मुलगा बसला होता.

"बंद कर. आपलं जाळं फाडलं त्याचा आवाज बुडाखाली घेऊन आलास?"

नीलेशला आधी कळेचना. कळल्यावर तो शपथा घेऊ लागला, मला ठाऊक नव्हतं म्हणाला. तिने विचारलं, दर्याकाठी जन्मलास आणि होडी वळखत नाय, कंपनीने कान खाल्ले काय तुझे? मग शांतपणे म्हणाली, "हा आवाज या दारात यायचा असेल तर तू पण येऊ नको."

तेवढ्यात समोरच्या घरातून दर्पणची बायको येसूबाई टोपली घेऊन बाहेर आली. आवाज आला, हात टोपलीकडे गेला, एवढंच. किनाऱ्याच्या वाटेवर थोडी चालली आणि थांबली. होडी नाहीच, हे तिला तिथे आठवलं. गल्लीतल्या बायका हसल्या.

ते हसणं ऐकून दर्पण बाहेर आला. हातात वल्ह्याचा तुकडा. इतक्या वर्षांत त्याचा पाय काशीबाईच्या अंगणाला लागला नव्हता, तो आता लागला.

"रामाच्या पोरा, माझी होडी मेली तर तिची नक्कल काढतो? माझ्या बायकोवर गल्लीला हसवतो?"

"काका, मला ठाव नव्हतं. मी मुद्दाम नाय केलं."

दर्पणने वल्ह्याचा तुकडा खाली केला. मग काशीबाईकडे वळला.

"मी पण हेच बोललो होतो," तो म्हणाला.

मग वल्ह्याचा एक घाव माझ्या पोटात घातला आणि निघून गेला. पोचा अजून आहे.

काशीबाईने मुलाला जवळ बोलावलं. खरंच ठाऊक नव्हतं? नाही, तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला, मला दिसलं ते. नंतर तिने एकदा दर्पणच्या दाराकडे बघितलं. "काढ ते," एवढंच म्हणाली. नीलेशने मला तिथेच सोडवलं आणि मागे फेकलं. गाडीला पुन्हा तिचा मूळचा सायलेन्सर लागला. मुलगा घरात राहिला.

मी वलांडीमागे पडून आहे. खारा वारा मला खातो. रीतीप्रमाणे मी आता विनवायला हवं, की मला पुसा, तेल लावा, जपा. नको. गंजू द्या. सांगायचं एवढंच, की आवाज निवडायला एकटे जाऊ नका. ज्यांच्या दारावरून तो रोज जाणार आहे, त्यांच्यातलं कुणीतरी बरोबर न्या. तुम्हाला गोड लागणारी गोष्ट दुसऱ्याच्या घरात काय फाडून गेली आहे, ते तुमच्या कानांना कळत नाही.

काशीबाई अजून रोज वलांडीशी येते आणि दर्पणच्या नावाने शिव्या घालते. मुद्दाम केलं त्याने, मुद्दाम. पूर्वी पुटपुटायची म्हणे. आता पार किनाऱ्यापर्यंत ऐकू जातं. मित्रांनो, माझा धंदाच आवाजाचा. ज्याची खात्री असते, त्याला एवढा आवाज लागत नाही.