नमणारे तुरे

जिन्यात एकोणीस जोड चपला.

गोळ्यांचं पाकीट. चार खळगे फुटलेले, बाकी सगळे भरलेले.

दोन हात लांब काचेची टाकी. खारं पाणी, तळाशी समुद्रातून आलेला दगड.

ताईच्या जिभेवर दातांची ताजी खूण.

घर ताईचं, टाकीची हौस माझी. ताईला अकरा वर्षं फिट्स येतात. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. महिन्यापूर्वी दगडाच्या छिद्रांतून तांबूस पिसांचे तुरे निघाले. आम्ही न लावलेले. ते बघायला शेजारी आले, शेजाऱ्यांमागून महाराज आले. त्यांनी टाकीवर हात धरला, आणि सगळे तुरे फटकन आत गेले. दगड नमला, कुणीतरी म्हणालं. खोलीभर हात जोडले गेले.

महाराज म्हणाले, दगड जागृत आहे, फिट ओढून घेईल. फक्त गोळ्यांची उष्णता आड येते, त्या थांबवा.

मी भावजींना सांगितलं की हे किडे आहेत, दगडात लपून येतात.

"असतील," भावजी म्हणाले. "पण त्यांच्या हाताला का नमतात?"

त्याच दिवसापासून ताईच्या गोळ्या थांबल्या.

नवव्या दिवशी फिट आली. महाराजांच्या मते ती जाता जाता वळून बघत होती. अकराव्या दिवशी दोन आल्या. बहुधा निरोप घ्यायला. तेराव्या दिवशी ताईचे ओठ निळे पडले. भावजी पाकीट हातात धरून बसले, पण उघडेनात. आता गोळी दिली तर तेरा दिवस पाण्यात जातील, म्हणत राहिले.

ताई टाकीसमोरच्या खाटेवर पडून असायची. उठवत नव्हतं, म्हणून बघत असायची. भावजी टाकीशेजारच्या दिव्यापुढून गेले, तुरे आत. तिनं टॉवेल उचलला, तुरे आत.

रविवारी खोली भरली. महाराजांनी हात धरला, तुरे नमले. ताई भिंत धरत उठली, जिन्यातली एक चप्पल आणली आणि दिव्यापुढे धरली. तुरे नमले.

"आमची शक्ती तुमच्यात उतरतेय," महाराज म्हणाले.

"आणि चपलेत?"

कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं.

"आता हात पलीकडून धरा, सावली पडणार नाही तिथून," ताई म्हणाली.

महाराजांनी धरला. मंत्र म्हटला, आवाज चढवला, घाम पुसला. तुरे डोलत राहिले.

तुरा म्हणजे त्या किड्याचा घास गोळा करायचा पंखा. सावली पडली की खायला मासा आला असं समजून किडा नळीत शिरतो. महाराजांना तो ओळखत नव्हता.

लोक जिन्यात चपला शोधू लागले. ताई भावजींना म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावा. आत्ता."

डॉक्टर म्हणाले, पूर्ण गोळी एकदम देता येणार नाही. थोडी थोडी वाढवायची, सहा आठवडे लागतील. तोवर फिट कधीही येऊ शकते. आम्ही पाळीपाळीनं तिच्याजवळ बसतो.

कुणाच्या हाताला काही नमलं, तर दुसरा हात धरून बघा. चप्पल धरून बघा. औषध थांबवण्याआधी बघा.

दगड टाकीत सोडताना ताईनं विचारलं होतं, यात जिवंत काही नाही ना. मी न बघताच नाही म्हणालो होतो.