फुगलेलं वळण

मी गवंडी. माझ्या कामाला नावं ठेवायची तीस वर्षांत कुणाची बिशाद झाली नाही. बागेची पायवाट बांधण्याआधी नकाशा काढणाऱ्या साहेबांनी ती जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखली आणि सगळ्या वस्तीला चालून बघायला बोलावलं. माझी धाकटी बहीण तिच्या चाकाच्या खुर्चीतून निघाली. वळणावर तिचं चाक रेघेबाहेर गेलं.

"ताई, जरा सांभाळून," साहेब म्हणाले.

"मी कशाला सांभाळू? तुमची रेघ सांभाळा!" ती फणकारली.

साहेबांनी रेघ बुटाने पुसली. मी तिच्या चाकाच्या खुणेबाहेरून नवी ओढली.

आता लोक विचारतात, "मिस्त्री, वाट इथेच फुगली कशी? हात चुकला का?"

"माझा हात चुकत नसतो," मी ताठ मानेने सांगतो. "चुकली होती ती आधीची रेघ. माझ्या बहिणीने दुरुस्त केली."