देठ ठेवा, क्लिफर्डदादा

जूनच्या शेवटी एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर रोनाल्डनी जाहीर केलं, की यापुढे वेदीवर स्टेशनजवळच्या दुकानातली फुलं येणार नाहीत. हिरव्या स्पंजात खुपसलेली, चमकी मारलेल्या पानांची ती सजावट त्यांना बघवत नव्हती. "आपल्या वाड्यांमध्ये एवढं फुलतं. प्रत्येकाने आपल्या दारचं थोडं थोडं आणावं," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मांडणी कोण बघणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा टाळ्या थांबल्या आणि सगळ्या माना प्रिस्काकडे वळल्या.

प्रिस्काला नाही म्हणता आलं नाही. तिच्या घरात फुलं नाहीत असा दिवस जात नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती रोज सकाळी कात्री घेऊन बागेत शिरायची. घरामागच्या बावखलाच्या काठाला, तळ्याच्या ओलीवर, नेचे, अळू आणि सोनटक्का आपोआप माजलेले असायचे. जे हाताला लागेल ते ती आणायची आणि दिसेल त्या भांड्यात लावायची. तिचा नवरा लेस्ली पाणी प्यायला तांब्या उचलायचा, तर त्यात नेचे असायचे. मग तो दुसरा तांब्या शोधायचा.

पहिल्या शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत फुलांचा ढीग पडला. कोणी जास्वंद आणली, जी संध्याकाळच्या मिस्सेपर्यंत मिटून गेली. कोणी मोगऱ्याची ओंजळ आणली, तीही ओढणीत बांधून. एकीने तर शेजाऱ्यांच्या पूजेतला उरलेला हार सोडवून गोंडे आणले. प्रिस्काने सोनटक्का मागे उभा केला, अळूची मोठी पानं खाली पसरली, मध्ये तगरीच्या फांद्या भरल्या, आणि बाकीचं सगळं गुपचूप कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं. रविवारी मिस्सेनंतर चौघींनी तिला दारात गाठून विचारलं, "माझी फुलं कुठे दिसली नाहीत?"

"स्टेशनवरचा फुलवाला असं कधी विचारायचा नाही," लेस्ली घरी जाताना म्हणाला.

ऑगस्ट लागेपर्यंत ढीग आटला. लोक म्हणायचे, यंदा पावसाने फुलं कुजली, किंवा मुलगी लवकर क्लासला गेली, किंवा विसरलोच बघ. दर शनिवारी न चुकता येणारा एकच माणूस उरला आणि तो क्लिफर्ड होता.

क्लिफर्ड शेजारच्या वाडीत एकटा राहायचा. सातिवलीच्या एका कारखान्यात तो फोरमन होता, आता निवृत्त. त्याची बायको एमिल्डा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती. बाग तिची होती आणि तालुक्यात तशी दुसरी नसेल. क्लिफर्डने ती जिवापाड सांभाळली होती. फुलं द्यायलाही त्याची तयारी होती, फक्त तो ती गळ्याशी खुडून आणायचा. अनंत असो, गुलाब असो की झिनिया, स्टीलच्या डब्यात लाडू ठेवावेत तशी फुलं ओळीने रचलेली आणि देठ नावाला नाही.

"क्लिफर्डदादा, देठ ठेवा," प्रिस्का म्हणाली. "निदान वीतभर."

"अगं बाय, देठाबरोबर कळ्या जातात."

"मग चारच फुलं आणा, पण देठाची आणा."

"चार फुलं एवढ्या वेदीवर काय दिसणार?"

हे संभाषण पुढे दर शनिवारी झालं. प्रिस्काने एकदा फुलदाणीच घेऊन त्याला दाखवलं, की हा गळा एवढा लांब आहे, पाणी इथवर आहे आणि तुमचं फूल इथे वर कोरडं बसतं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा डबा आणला. मग तिने ती फुलं परातीत पाणी घालून तरंगत ठेवली. मिस्सेनंतर क्लिफर्ड पुढे येऊन परातीत डोकावला आणि म्हणाला, "मागच्या बाकावरून काहीच दिसत नाही गं."

शेवटी प्रिस्काने खराट्याचे हीर काढले आणि एकेक फूल दोऱ्याने हिराला बांधलं. शनिवारची अख्खी दुपार त्यात गेली, बोटं सोलवटली. रविवारी क्लिफर्ड खूश झाला. "बघ," तो तिला म्हणाला, "देठ नसला तरी जमतं की."

त्या दिवशी तिने घरी येऊन चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशीला चीर गेली. लेस्लीने फक्त विचारलं, "डबा परत द्यायचाय का त्याचा?"

नाताळ त्यातल्या त्यात बरा गेला. शेवंती भरपूर होती, क्रोटनला रंग चढले होते, आणि प्रिस्काने सुपारीच्या झावळ्या कमानीसारख्या वाकवून गव्हाणीच्या दोन्ही बाजूंना लावल्या. लोक फोटो काढत होते. पण खरी बाग जानेवारीत पेटली. क्लिफर्डच्या डेलिया जेवणाच्या ताटाएवढ्या झाल्या, जांभळ्या, पिवळ्या, गर्द तांबड्या. प्रिस्काच्या ॲस्टरनी वाफे भरले. आणि तेवढ्यात राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला.

उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात. जांभळं कापड, दोन मेणबत्त्या, बस. प्रिस्काला हे लहानपणापासून माहीत होतं, पण फुलांची जबाबदारी अंगावर असताना ते पहिल्यांदाच आलं होतं. इतके महिने एक देठ मिळवायला तिने माणसांच्या विनवण्या केल्या, आणि आता कुंपणाबाहेर पडेल एवढं फुललं होतं तर वेदी बंद. ईस्टर येईपर्यंत ऊन चढणार आणि सगळं करपणार. ती रोज सकाळी ॲस्टर कापून आणायची आणि घरात लावायची. न्हाणीघराच्या खिडकीतसुद्धा एक बाटली गेली.

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दारात क्लिफर्ड उभा होता. हातात डबा नव्हता, बादली होती. बादलीत डेलिया होत्या, हातभर देठांच्या, पानांसकट, कळ्यांसकट. त्याने झाडंच्या झाडं बुंध्याशी कापली होती.

प्रिस्का बघतच राहिली.

"आज संध्याकाळी एमिल्डाची वर्षाची मिस्सा आहे," तो म्हणाला. "वेदीवर लाव. तू म्हणायचीस तसे देठ ठेवलेत."

"दादा, उपवासकाळ आहे."

"माहीत आहे मला. फादरना तू सांग. तुझं ऐकतील."

"तुम्ही का नाही सांगत?"

"मला नाही म्हणतील," क्लिफर्ड म्हणाला, बादली ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.

प्रिस्काला रडावं की ओरडावं कळेना. तिने चपला घातल्या आणि चर्चला गेली. फादर रोनाल्ड जिन्यात उभे राहून बल्ब बदलायची खटपट करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेदीवर नाही लावता येणार," ते म्हणाले. "नियम मी केलेला नाही, प्रिस्काबाई. एकाला हो म्हटलं की उद्या दहाजण येतील. थडग्यावर ठेवा ना, तिथे कोण नाही म्हणतंय?"

"दारच्या फुलांचं खूळ तुम्हीच काढलंत, फादर."

"काढलं खरं," फादर म्हणाले आणि पुन्हा बल्बकडे वळले.

ती तिथून थेट क्लिफर्डच्या घरी गेली. थडग्याचं ऐकून त्याने मान हलवली. "दुपारच्या उन्हात तासात जातील. आणि शेळ्या आहेत तिथे. तिची बाग कशी होती ते लोकांनी बघायला हवं होतं. तिने आयुष्यात एका झाडाला कात्री लावली नाही. मलाही लावू दिली नाही. पहाटे उठून कापली मी ती."

इतके महिने प्रिस्का या माणसाला हट्टी समजत आली होती, आणि तो हट्टी होताच. पण आता तिच्या घरी बादलीभर फुलं पाण्यात उभी होती आणि त्यांचं काय करायचं हे ठरवायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडलं होतं.

"मिस्सेनंतर घरी कोण कोण येणार आहे?" तिने विचारलं.

"एमिल्डाच्या बहिणी, नंदाखालहून. आणि वाडीतले सगळे. चहा आहे."

"मग इथेच लावू."

तिने घर बघितलं. पुढच्या खोलीत एमिल्डाचा फोटो होता, त्याला प्लास्टिकचा हार होता, आणि टेबलावर औषधांच्या बाटल्या, विजेची बिलं आणि एक बिघडलेला मिक्सर. फुलदाणी एकही नव्हती. त्या घरात फूल कधी आत आलंच नव्हतं. प्रिस्काने लेस्लीला फोन केला. अर्ध्या तासात तो स्कूटरवर आला, पायांमध्ये बादली आणि पाठीवरच्या पिशवीत घरातल्या चार फुलदाण्या, दोन बरण्या आणि त्याचा स्वतःचा तांब्या घेऊन.

प्रिस्काने टेबल रिकामं केलं आणि डेलिया हातात घेतल्या. सगळ्या एकाच उंचीच्या, जड डोक्यांच्या. तशाच लावल्या असत्या तर फुलदाण्या कलंडल्या असत्या. तिने कात्री काढली आणि पहिला देठ अर्ध्यावर कापला.

"हे काय करतेस?" क्लिफर्ड पुढे झाला. "वर्षभर देठ ठेवा, देठ ठेवा म्हणून डोकं खाल्लंस, आणि आता कापतेस?"

"लांब असला की कापता येतो, दादा. नसला तर जोडता येत नाही. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला, पण फार नाही. ती प्रत्येक देठ कापायची आणि तो पडलेला तुकडा उचलून बघायचा. खालची पानं काढली की म्हणायचा, पानं का काढलीस. पाण्यात पान राहिलं की पाणी नासतं, असं तिने सांगितलं. मग म्हणाला, जांभळी पुढे घे, जांभळी तिची आवडती होती. तिने जांभळी पुढे घेतली. मग म्हणाला, पिवळी मागे लपली. लेस्ली ओट्यावर जाऊन बसला.

संध्याकाळी मिस्सा झाली. वेदी कोरी होती. नंतर माणसं घरी आली, आणि एमिल्डाची धाकटी बहीण दारातच थबकली. खोलीभर डेलिया होत्या, फोटोच्या दोन्ही बाजूंना, खिडकीत, कपाटावर, चहाच्या कपांच्या मधोमध. ती फोटोजवळ गेली आणि तिने एका फुलाला हात लावला. वाडीतल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, की कुंपणावरून दिसायची ती फुलं हीच, पण इतक्या जवळून कधी बघितली नव्हती.

"कोणी लावली?" एकीने विचारलं.

"प्रिस्काने," क्लिफर्ड म्हणाला. "छान लावलीत. जरा बुटकी झाली, एवढंच."

प्रिस्काने चहाचा कप तोंडाला लावला आणि लेस्लीकडे बघितलं नाही.

आठवड्याने ती फुलदाण्या परत आणायला गेली, तर दारातूनच वास आला. क्लिफर्डने पाणी एकदाही बदललं नव्हतं. डेलिया काळ्या पडून लोंबत होत्या आणि पाण्यावर शेवाळी साय धरली होती. ती त्याला मोरीशी उभं करून बोल बोल बोलली. रोज पाणी बदलायचं, देठाचं टोक कापायचं, सडलेलं फेकून द्यायचं. तो ऐकत होता. मग त्याने तिच्या हातातली एक फुलदाणी काढून घेतली. "ही राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला.

ईस्टरला प्रिस्काने वेदीवर आंब्याची कोवळी तांबूस पानं, बहाव्याचे घोस आणि नारळाचा फुटलेला कोंब लावला. बहावा रात्रीतून गळला आणि सकाळच्या मिस्सेत फादर पिवळ्या पाकळ्यांवरून चालले. तिघीजणींनी विचारलं, यंदा गुलाब का नाहीत.

मे महिन्यात एका संध्याकाळी क्लिफर्डने तिला हाक मारून घरी नेलं. आता मोकळ्या झालेल्या टेबलावर तिची फुलदाणी होती. तिच्यात त्याने क्रोटनची एक फांदी, कांद्याची दोन फुलं आणि मे फ्लॉवरचा एक लालभडक चेंडू खोचला होता. सगळं एका बाजूला कललं होतं. चेंडूला देठ लांब होता आणि क्रोटन त्याच्यामागे पार दडला होता.

"कसं दिसतं?" त्याने विचारलं.

प्रिस्काचे हात शिवशिवले. क्रोटन पुढे ओढावा, कांदा काढून टाकावा, चेंडू चार बोटं खाली आणावा, एवढंच करायचं होतं. तिने दोन्ही हात पदराखाली धरले.

"पाणी स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"सकाळ-संध्याकाळ बदलतो," क्लिफर्ड म्हणाला. "बस, चहा टाकतो."

ती बसली. तो स्वयंपाकघरात गेला तसे तिचे हात पदराबाहेर आले आणि तिने ते पुन्हा आत घेतले.