दाबा, सोडा
मी सोपान, लोणावळ्याच्या रेल्वे यार्डातला फिटर. बंद पडलेला श्वास हातानं कसा चालवायचा, ते सायबानं आमाला शिकवलं, तवा मी लय हसलो. मानूस पालथा घालायचा, खालच्या बरगड्या दाबायच्या, सोडायच्या. "कनीक तिंबायचीय व्हय?" म्हनलं.

त्या भादव्यात मी रजेवर बेडश्याला घरी हुतो. धाकटी भईन सरू माहेराला आलेली. पहाटं तिला मण्यार चावली. दिस उगवेस्तवर पापन्या मिटल्या, जीभ अडकली, छाती हलंना. मी तिला पालथी घातली अन् लागलो दाबायला.

"मेल्या पोरीला कशापायी तुडवतोस रं?" शेजारचा अंबाजीआबा म्हनला.

"गप ऱ्हावा!" मी खेकसलो. "सरे, ऐकतीस तर अंगठा हलव."

पायाचा अंगठा हलला. आमच्या आयनं तिचं पाऊल पोटाशी धरलं.

मी दमलो की आमचा भावकीतला हौशीराम, तो दमला की मी. दुपारी लोणावळ्याचा डाक्टर घोड्यावरनं आला. "या विषावर माझ्याकडे औषध नाही," तो म्हनला. "हेच करत राहा. उद्यापर्यंत विष उतरलं, तर ती आपणहून श्वास घेईल."

उद्यापातुर! माज्या मनगटात तवाच जीव न्हवता. पर सरूचा अंगठा अजून हलत हुता.

छाती तपासाया डाक्टरनं तिला घडीभर उतानी केली. तेवढ्यात आयनं वाटीतलं पानी तुळशीच्या पानासकट तिच्या तोंडात वतलं. पोर तहानेली जाऊ नये म्हनून.

"आये!" मी बोंबललो. गिळायची ताकद कुटं हुती पोरीला? पानी श्वासाच्या वाटंनं गेलं. आमी झटकन पालथी केली, डाक्टरनं बोटं घातली, पाठ चोळली. घशात घुरघुर झाली. मंग कितीबी दाबा, वारा आत जाईना.

"सरे, अंगठा हलव. सरे!"

न्हाई हलला. दिस मावळेस्तवर मी दाबतच हुतो. शेवटाला डाक्टरनंच माजे हात धरले.

तिसऱ्या दिशी सावडून आलो. आय चुलीपाशी बसलेली. "सोपाना," ती म्हनली, "पानी पोचलं ना रं तिला? कोरड्या घशानं न्हाई ना गेली माजी सरू?"

मी तोंडाचा फाटका मानूस. सायबालाबी सोडत न्हाई. सगळं अगदी व्हटावर आलं हुतं.

"व्हय आये," म्हनलं. "पोचलं."