पाण्यात पाहिलेली विहीण

गिऱ्हाइकासमोर झोप लागणं कुठल्याच दुकानदाराला शोभत नाही, पण गाद्यांच्या दुकानात त्याला निदान निमित्त तरी असतं. एक तरुण जोडपं आलं होतं. नवऱ्याला गादी कडक हवी, बायकोला मऊ. दुकानाची मालकीण, सगळ्यांची गादीबाई, म्हणाली, "ही मधली बघा. पाठीला आधार, कुशीला मऊ. हे असं पडायचं." आणि चपला काढून ती दाखवायला म्हणून आडवी झाली. पुढचं तिला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा जोडपं गेलं होतं आणि काउंटरमागे तिचा नवरा डोळे पुसत हसत होता.

"घेतली गादी," तो म्हणाला. "म्हणाले, मालकीणच इतकी घोरते तर अजून काय बघायचं?"

"मी घोरत नाही."

"बरं. पण पोहणं जरा कमी कर."

"पोहण्याचं काय मध्येच? रात्री झोप झाली नव्हती."

ही शुद्ध थाप होती. रात्री जेवणाची भांडी तशीच टाकून ती झोपली होती आणि मेल्यासारखी झोपली होती. पण हल्ली झोप व्हायची आणि शीण मात्र जिथल्या तिथे. सकाळी उठायची ती कालचं अंग घेऊनच.

लोक म्हणतात, विहिणी एकमेकींना पाण्यात पाहतात. गादीबाई आणि तिच्या विहीणबाई अगदी शब्दशः पाहत होत्या. गादीबाईच्या मुलीचं विहीणबाईंच्या मुलाशी लग्न झालं, त्यानंतर तीन वर्षं दोघींमध्ये "या हं", "बसा ना" आणि "तुमचं आपलं काहीतरीच" याखेरीज एक शब्द झाला नव्हता. मुलगी म्हणायची, "तुम्ही दोघी बोलायला लागलात की मला बँकेत आल्यासारखं वाटतं." मग एकदा पोहण्याच्या टँकवर, शेजारच्या लेनमधली एक बाई कठड्याला धरून म्हणाली, "तुमचा हात फार छान सुटतो हो." गादीबाईनं आभार मानायला गॉगल वर केला, त्या बाईनंही केला, आणि बघते तर विहीणबाई. टोपी-गॉगलात कोण कुणाला ओळखतंय? आठवडाभर दोघी शेजारी शेजारी पोहत होत्या. त्या दिवशी टँकच्या पायरीवर, ओल्या टॉवेलात, त्या तासभर बोलल्या. गादीबाई घरी आली ती गुणगुणतच. पन्नाशी उलटल्यावर गुडघेदुखी मिळते, चाळिशीचा नंबर वाढवून मिळतो. मैत्रीण कुठून मिळायला? ती तिला मिळाली होती.

मग टँकवरच्या कोचनं जोडीच्या शर्यतीचं काढलं. पन्नाशीपुढच्यांची शर्यत, मोठ्या तळ्यात. दोघींनी बरोबर सुटायचं, आणि जी मागाहून काठाला लागेल तिची वेळ जोडीची म्हणून धरायची. कोचला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो बोलण्यापेक्षा फुंकायचाच जास्त. त्यानं सरावाचं गणित घालून दिलं: आठवड्यातून तीन सकाळी पोहायचं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं, मध्येच एक आठवडा मुद्दाम उतरवायचा. "दमायचं पाण्यात, वाढायचं झोपेत," इतकं बोलून तो पोरांच्या लेनकडे गेला.

घोळ झाला तो मान ठेवण्यावरून. एका सकाळी ठरलेल्या फेऱ्या संपल्या. गादीबाईला चहाची तल्लफ आली होती, पण उठून चालतं व्हायचं कसं? समोर विहीणबाई. म्हणून ती विचारायचं म्हणून म्हणाली, "तुमचं झालं, की अजून करायचंय?"

"करू की. तुमची इच्छा आहे तर."

"माझं काय, तुम्ही म्हणाल तसं."

झाल्या चार फेऱ्या जास्तीच्या. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी विचारलं आणि गादीबाई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी कुणी विचारलंसुद्धा नाही. मग चौथी सकाळ वाढली, मग पाचवी. उतरवायचा आठवडा आला तसा विहीणबाई म्हणाल्या, "हलकंसं पोहू या," आणि ते हलकं इतकं जड झालं की गादीबाईला घरी जाऊन केसात फणी घालता येईना. हात डोक्यापर्यंत जाईचना. नवऱ्यानं वेणी घालून दिली. ती चांगली घातली म्हणून तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून ती त्याच्यावरच खेकसली.

सर्दी आली ती हटेना. सुईत दोरा ओवायचा की दोऱ्यात सुई, असं व्हायचं. दुकानाच्या माळ्यावर जायचा जिना दिसला की ती आधी खालच्या पायरीवर बसून घ्यायची. आणि एवढं करून पाण्यात काय? शिट्टीनं घड्याळ पाहिलं, कानाशी नेलं, बंदबिंद पडलं की काय म्हणून.

"मागच्या महिन्यापेक्षा हळू," तो म्हणाला. "सराव वाढवलात?"

"थोडा."

"कमी करा."

गादीबाईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वाढवला. अति तिथे माती, हे काय तिला कळत नव्हतं? पण कळून उपयोग काय, बोलायचं कुणाजवळ? दमले म्हणाली असती तर विहीणबाईंनी तोंडावर काही म्हटलं नसतं. "तुमचं आपलं काहीतरीच" म्हणाल्या असत्या. आणि मग टँकवर येणारी ती बँकेत नोकरीला असलेली बँकवाली होतीच. नुकतीच पन्नाशीत शिरलेली, खांदे कपाटासारखे, आणि जोडीदारणीच्या शोधात. विहीणबाई तिच्याबरोबर गेल्या असत्या, सकाळच्या पायरीवर ती बसली असती, आणि गादीबाईच्या वाट्याला पुन्हा "या हं, बसा ना". पदकाचं तिला काही पडलं नव्हतं. भीती होती ती याची. म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता.

शर्यतीला महिना असेल. शिट्टीनं तिला बाजूला घेतलं.

"तुमच्या विहीणबाई म्हणतात जोडी बदला," तो म्हणाला. "तुम्ही दोघी आपसात बोलून घ्या." आणि शिट्टी फुंकत गेला.

गादीबाईनं कपडे बदलले ते उलटे की सुलटे, तिला पत्ता नव्हता. बदला? मी काय उशीचा अभ्रा आहे? इतके दिवस हाडांची काडं केली ती कुणासाठी? आणि सांगायचं तर मला सांगा, परस्पर कोचला? दुकान उघडायचं सोडून ती तडक विहीणबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलकडे निघाली. त्या मोटार चालवायला शिकवत, आणि अख्ख्या शहरात त्यांच्याइतकी सावध बाई नाही अशी ख्याती होती.

स्कूलची गाडी झाडाखाली उभी होती. बाहेर फुटपाथवर एक टक्कल पडलेले गृहस्थ, हातात पाण्याची बाटली धरून, ताटकळत उभे होते.

"मॅडम झोपल्यात," ते हळू आवाजात म्हणाले.

"गाडीत?"

"परवा तर मी चालवत असतानाच झोपल्या. उठवायचं धाडस होईना. मी आपला सरळ चालवत राहिलो. शहर संपलं."

"मग?"

"मग पेट्रोल संपायला आलं. तेव्हा उठवलं."

गादीबाई चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसली, ती विहीणबाईंना गदागदा हलवायचं ठरवूनच. विहीणबाई शेजारच्या सीटवर होत्या, मान एका बाजूला, तोंड उघडं. डोळ्यांभोवती गॉगलचे वळ अजून तसेच. पायाखालच्या जादा ब्रेकवर एक बूट होता, दुसरा गळून पडला होता. गादीबाईचा राग होता तितकाच होता, पण झोपलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? उठू देत, मग बघते, असं म्हणून तिनं मान मागे टेकली.

काचेवर टकटक झाली तेव्हा दोघी एकदमच दचकून उठल्या.

"माझा तास संपला," गृहस्थ बाहेरून म्हणाले. "मी उद्या येतो."

विहीणबाईंनी आधी बूट शोधला. मग शेजारी पाहिलं. "तुम्ही कधी आलात?"

"जोडी बदला म्हणालात?"

"म्हणाले. तुमच्याच भल्याचं म्हणाले." विहीणबाई समोरच्या काचेतून बाहेर बघत बोलत होत्या. "तुम्हाला रोज अजून हवं असतं. माझ्यापायी तुमची वेळ कशाला वाढायला हवी? बँकवाली तुमच्याबरोबर टिकेल."

"मला हवं असतं?" गादीबाईला हसावं की रडावं कळेना. "अहो, मी मान ठेवायचा म्हणून विचारत होते. तुम्ही हो म्हणायचात."

"तुम्ही विचारल्यावर नाही कसं म्हणणार? सुनेची आई तुम्ही."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"विहीणबाई, मी दमलेय," गादीबाई म्हणाली. "पार दमलेय. माळ्यावर चढायचं म्हटलं तर रडू येतं. मला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर पोहायचं नाही, पण एवढं मला झेपत नाही."

बोलून झालं तर काहीच झालं नाही. आभाळ होतं तिथेच राहिलं. विहीणबाईंनी नसलेली धूळ झटकावी तशी मांडी झटकली आणि म्हणाल्या, "मी काही तशी दमलेले नाही. जरा डोळा लागला इतकंच. पण तुमच्यासाठी कमी करू."

दोघींचं ऐकून शिट्टीनं त्यांना आठवडाभर टँकवर पाऊल ठेवायची बंदी केली. पहिले दोन दिवस गादीबाईला आणखीच वाईट वाटलं. पाय दुखायला लागले, घरात तिनं सगळ्यांना भंडावून सोडलं. मग एका सकाळी ती गजराच्या आधी उठली, वेणी आपली आपण घातली, चार पोळ्या खाऊन पाचवी मागितली. नवरा वाढत राहिला. पाण्यात परतली तेव्हा हात पुन्हा छान सुटायला लागला. शिट्टीनं घड्याळ कानाशी नेलं नाही, त्यावरून काय ते समजायचं.

जोडी राहिली. पायरीवरच्या गप्पाही राहिल्या. पण एक सल होता. सुट्टीचा दिवस आला की विहीणबाई म्हणत, "तुमच्यासाठी थांबते हं." चार फेऱ्या सोडल्या की "तुम्हाला त्रास नको." गादीबाईला ते लागायचं. आपण मन मोकळं करून बसायचं आणि समोरच्यानं गळ्यापर्यंत बटणं लावून ऐकायचं, ही कसली मैत्री? उपकार झाले नुसते. पण बाईला उचकटून तर काढता येत नाही.

शर्यतीच्या सकाळी तळं शांत होतं. दोघी चांगल्या सुटल्या. गादीबाई श्वासाला मान वळवायची तेव्हा शेजारी विहीणबाईंचा हात पडताना दिसायचा, आणि त्यातच तिचं निम्मं काम व्हायचं. परतीच्या खुणेला तरंगत ठेवलेल्या लाल फुग्याला वळसा घातला तोवर सगळं ठीक होतं. मग वारा समोरून यायला लागला, पाणी जरा उठलं. गादीबाईनं एकदा मान वळवली तर शेजारी हात नव्हता. पुन्हा वळवली. नव्हता.

ती थांबली. विहीणबाई बऱ्याच मागे पाण्यात उभ्याउभ्या तरंगत होत्या, टोपी एका कानावर सरकलेली. त्यांच्या बाजूनं बँकवालीची जोडी धपाधप पाणी मारत पुढे गेली. गादीबाई उलटी फिरली आणि त्यांच्यापाशी आली.

"पायात गोळा आला?"

विहीणबाईंनी मान हलवली. नाही.

"नाकातोंडात गेलं का पाणी?"

नाही.

लांब मदतीला ठेवलेल्या होडीतल्या माणसानं हात वर करून विचारलं. विहीणबाईंनी त्यालाही नको म्हणून खूण केली. त्यांनी गॉगल कपाळावर चढवला, काठाकडे बघितलं, तो अजून बराच दूर होता, आणि मग गादीबाईकडे बघितलं.

"दमले गं," विहीण म्हणाली.

गादीबाईला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. समोरची बाई धापा टाकतेय आणि ही मनातल्या मनात हरखलीय.

"थांब की मग," ती म्हणाली. "कुठं गाडी सुटतेय आपली?"

दोघी पाठीवर झाल्या. मागून आणखी दोन जोड्या आल्या, त्यांना त्यांनी पुढे जाऊ दिलं.